रेगो रेय्तेम : हंगेरीची पेगन लोकसंगीत जोडी 'द मून अँड द नाइटस्पिरिट'

रानजाई

पश्चिम हंगेरीतल्या खेड्यांत एक रिवाज होता. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २६ डिसेंबरपासून, नव्या वर्षापर्यंत गावातली पोरं टोळीनं घरोघर जायची. कुणाच्या हातात साखळ्या अडकवलेली काठी असायची. कुणाकडे तोंडाला चामडं ताणलेलं मडकं असायचं, त्या चामड्याच्या मधोमध एक बोरू खोचलेला. ओल्या हातानं बोरू चोळला की मडकं घुमतं. दारात उभं राहून ही पोरं घरधन्याला धान्य, गुरं, सुबत्ता चिंतायची आणि लग्नाच्या वयातल्या मुलामुलींची नावं गाण्यात एकमेकांशी जोडायची. या फेरीला रेगोलेश म्हणतात. गाण्यात एक अद्भुत हरीण येतं. त्याच्या शिंगांवरच्या मेणबत्त्या न पेटवता पेटतात आणि न विझवता विझतात. आणि दर थोड्या ओळींनी ध्रुवपद येतं : 'हाय, रेगो रेय्तेम'.

या दोन शब्दांचा मूळ अर्थ काय, यावर हंगेरीच्या अभ्यासकांचं आजही एकमत नाही. गाणारी पोरं शतकानुशतकं ते गात आली, अर्थ वाटेत कुठेतरी गळला, शब्द राहिले.

२००७ मध्ये एका जोडीनं आपल्या दुसऱ्या अल्बमला हेच नाव दिलं, 'रेगो रेय्तेम'. तोत आग्नेश आणि सॉबो मिहाय. (हंगेरीत आपल्या जुन्या शाळेच्या हजेरीसारखं आडनाव आधी येतं, म्हणून मी तसंच लिहिलं.) २००३ पासून दोघं एकत्र संगीत करतात. गटाचं नाव इंग्रजी आहे, द मून अँड द नाइटस्पिरिट. चंद्र आणि रात्रीचं भूत असं भाषांतर करू नका. 'रात्रीचा आत्मा' म्हणा, किंवा भाषांतरच नको.

आग्नेश गाते आणि व्हायोलिन वाजवते. मिहाय गिटार वाजवतो आणि गातो. भोवती हातानं वाजवायची चर्मवाद्यं, तंतुवाद्यं, बासऱ्या. कार्यक्रमात आणखी वादक साथीला असतात, पण रचना या दोघांच्या. मला आधी वाटलं होतं की ही गावात सापडलेली जुनी गाणी असतील, कुणीतरी जमवलेली, यांनी सजवलेली. तसं नाही. बहुतेक सगळं नवं आहे, यांनीच लिहिलेलं, यांनीच बांधलेलं. जुनं आहे ते आतलं सामान : आभाळापर्यंत पोचलेलं झाड, हरीण, झरा, चंद्र, मंत्र पुटपुटल्यासारखी पुनरावृत्ती.

पहिला अल्बम २००५ चा, इंग्रजी नावाचा : 'ऑफ ड्रीम्स फरगॉटन अँड फेबल्स अनटोल्ड'. मग २००७ पासून नावं हंगेरियन झाली. 'ओश्फॉर्राश' (२००९) म्हणजे आदिझरा. 'मोहॉलेप्ते' (२०११) म्हणजे शेवाळानं झाकलेलं. 'होल्द्रेय्तेक' (२०१४) म्हणजे चंद्राची लपायची जागा. पुढच्या दोन अल्बमांची नावं ग्रीक मुळांची आहेत, 'मेटानोइया' (२०१७) आणि 'ईथर' (२०२०), आणि संगीतही तिथून बदललं. आधीच्या गाण्यांत पाय धरतात असे ठेके आहेत, जत्रेतल्या फेरासारखे. नंतर ठेका मागे सरकतो, स्वर लांबतात, मिहायचा आवाज जास्त ऐकू येतो, गाणं एका जागी बसून खोल जातं. माझं मन अजून 'ओश्फॉर्राश'मध्येच आहे. तिथं व्हायोलिन आणि आवाज एकमेकांची वाक्यं पुरी करतात.

आता 'पेगन' या शब्दाबद्दल. मराठीत याला चपखल शब्द मला सापडलेला नाही. शब्दकोशात 'मूर्तिपूजक' असतं, ते इथं साफ चुकीचं आहे. 'ख्रिस्तपूर्व लोकश्रद्धा' म्हणावं, तर तो काळ संपून हजार वर्षं झाली आणि ही दोघं आजची माणसं आहेत. म्हणून 'पेगन'च ठेवते.

हा धागा काढायचं कारण एवढंच की गेले आठ महिने मी हे संगीत जवळजवळ रोज ऐकते आहे, भाषेतलं अक्षरही कळत नसताना. हे आणखी कुणी ऐकतं का? आणि न कळणाऱ्या भाषेतलं गाणं तुम्ही कसं ऐकता?

तिसरीघंटा

नाव पहिल्यांदाच ऐकलं. दुपारी दोन गाणी ऐकली. एक प्रश्न. प्रत्येक शब्द सुरुवातीलाच ठोकल्यासारखा का वाटतो? ढोलावर थाप आधी आणि शब्द नंतर ओघळतो, असं काहीतरी.

पाटीपेन्सिल

तिसरीघंटा, कान बरोबर आहे तुमचा. हंगेरियनमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो, शब्द कितीही लांब असला तरी. त्यामुळे सुरावटीलाही जोरावर सुरू व्हायची सवय लागते.

दुसरी गंमत स्वरांची. या भाषेत स्वरांचे दोन गट आहेत, तोंडाच्या पुढच्या भागात उच्चारले जाणारे आणि मागच्या. प्रत्यय शब्दाच्या गटाप्रमाणे बदलतो. घर म्हणजे 'हाझ', घरात म्हणजे 'हाझबॉन'. बाग म्हणजे 'केर्त', बागेत म्हणजे 'केर्तबेन'. प्रत्यय तोच, स्वर बदलला. त्यामुळे ओळीत एकाच रंगाचे स्वर रांगेनं येतात, यमक न जुळवताही कानाला यमक जाणवतं. 'रेगो रेय्तेम' पुन्हा म्हणून बघा, सगळे पुढचे स्वर आहेत.

आणि भाषेतलं अक्षरही कळत नाही असं नका म्हणू, रानजाई. ही भाषा आपल्या कुळातली नाही हे खरं. तिच्या जवळच्या बहिणी सैबेरियातल्या खांती आणि मान्सी, लांबच्या फिनिश आणि एस्टोनियन. पण हंगेरियनांचे पूर्वज गवताळ मैदानांतून पश्चिमेकडे सरकत असताना त्यांचा इराणी भाषा बोलणाऱ्या टोळ्यांशी बराच संबंध आला आणि ते शब्द उचलत गेले. शंभर : 'साझ', आपलं शत आठवा. हजार : 'एझेर', हा तर हजारच. गाय : 'तेहेन', धेनूची नातलग. बाजार : 'वाशार'. आणि माझा सगळ्यात लाडका, पूल : 'हीद'. तो आलान या इराणी भाषा बोलणाऱ्या लोकांकडून आला आणि त्याचं मूळ संस्कृत 'सेतु'शी जुळतं. यातून हंगेरियन आणि मराठी सख्ख्या निघत नाहीत. एकाच वाटेवरून गेलेल्या बैलगाड्यांची चाकोरी आहे ही.

कोकणकडा

वाचनखूण साठवली. पाटीपेन्सिल, सेतूबद्दल स्वतंत्र धागा काढाच.

मंद्रसप्तक

मी बारा वर्षं हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन शिकलो, म्हणून वाद्याच्या अंगानं लिहितो.

हंगेरियन लोकगीतांचा जो थर सगळ्यात जुना मानतात, तो पाच स्वरांचा आहे. ते पाच स्वर आपल्या पद्धतीत मांडले तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे धानीचे स्वर. राग धानी नव्हे, चलन पूर्ण वेगळं आहे. चाल वरून सुरू होते आणि पायऱ्या उतरत खाली येते. बऱ्याच गाण्यांत तर पहिला अर्धा भाग जसाच्या तसा पाच स्वर खाली नेऊन पुन्हा म्हणतात. आपल्याकडे तीच ओळ पंचमावरून आणि मग षड्जावरून म्हणावी तसं. ही खूण व्होल्गाकाठच्या मारी लोकांच्या गाण्यांतही आहे. हंगेरियन संगीतकार आणि लोकगीतांचे संग्राहक कोदाय झोल्तान यांनी ते साम्य दाखवलं आणि गाण्यांचा माग पूर्वेकडे जातो हे ठसवलं.

हे सगळं हाती आलं ते कसं, तेही सांगायला हवं. १९०४ च्या उन्हाळ्यात दुसरे हंगेरियन संगीतकार बार्तोक बेला गेर्लित्सेपुस्ता नावाच्या गावी राहिले होते. तिथं लिदि दोशा ही तरुण दाई मुलासाठी गात होती. ते त्यांनी ऐकलं आणि टिपून घेतलं. तोवर जगाला हंगेरियन संगीत म्हणून जे ठाऊक होतं ते शहरातल्या कॅफेंमधलं होतं. पुढं बार्तोक आणि कोदाय फोनोग्राफ आणि मेणाच्या नळकांड्या घेऊन गावोगाव हिंडले आणि त्याखालचा जुना थर उघडा झाला. त्या तरुणीनं त्या दिवशी दुसरं काही गायलं असतं तर, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

आता या जोडीबद्दल. आग्नेशचं व्हायोलिन ट्रान्सिल्वेनियाच्या (आज रोमानियात असलेला, हंगेरियन वस्तीचा प्रदेश) गावातलं नाही. तिथल्या ताफ्यात एक व्हायोलिन चाल वाजवतं आणि शेजारी सपाट घोडीचा (तारा पेलणारी पट्टी) तीन तारांचा व्हायोला असतो, तिन्ही तारांवर एकदम गज फिरवून ठेका धरणारा. तो रगेल, घामाचा आवाज इथं नाही. ही एक छोटी स्वरावली घेते आणि गोल गोल फिरवत राहते, दर फेरीला गजाचा दाब थोडा बदलून. मला त्यात जपमाळ दिसते. आलाप शोधायला गेलात तर निराशा होईल, कारण इथं राग वाढत नाही, एकाच वळणाभोवती घट्ट होत जातो. पहिल्या आठवड्यात मी हे ऐकून वैतागलो होतो. नंतर कान उघडला.

उंबरठा

लेख आवडला, पण मला एक गोष्ट बोचते. हंगेरीनं ख्रिस्ती धर्म घेतला साधारण सन १००० ला. हजार वर्षांपूर्वीच्या धर्माचा एकही ग्रंथ नाही, एकही प्रार्थना जशीच्या तशी नाही. मग 'पेगन' कशाच्या बळावर म्हणायचं? झाडाखाली फोटो काढले आणि ढोल वाजवला की झालं? जे उरलंच नाही त्याचं नाव लावून नवं विकणं मला पटत नाही. हे मी चिडून लिहीत नाही, खरंच विचारतो आहे.

रानजाई

उंबरठा, हा प्रश्न यायलाच हवा होता.

ग्रंथ नाहीत हे बरोबर. पण बंदी घालणारे कायदे आहेत आणि बंदीवरून बरंच कळतं. राजा लास्लो पहिला याच्या काळात, १०९२ मध्ये, सॉबोल्च इथं धर्मसभा भरली. तिच्या नियमांत एक असा आहे : जो कोणी जुन्या रीतीनं विहिरींपाशी बळी देईल किंवा झाडांना, झऱ्यांना, दगडांना नैवेद्य दाखवील, त्यानं दंड म्हणून एक बैल द्यावा. पहिला ख्रिस्ती राजा इश्त्वान याचा राज्याभिषेक होऊन नव्वद वर्षं उलटल्यावर हा नियम करावा लागला, म्हणजे लोक झऱ्याशी जातच होते. 'आदिझरा' हे अल्बमचं नाव मी या नियमाशेजारी ठेवून वाचते, तेव्हा मला ते फोटोसाठी निवडलेलं वाटत नाही.

दुसरं. जुनं शुद्ध रूपात कुठं लपून बसलं आहे आणि ते कुणीतरी खणून काढलं, असा माझा दावा नाही आणि या दोघांच्या संगीताला त्याची गरजही नाही. वॉश परगण्यातल्या दोझमॉत गावचं रेगोलेशचं गाणं घ्या. त्यातलं अद्भुत हरीण राजा इश्त्वानला भेटतं. हा इश्त्वान म्हणजे देशाला ख्रिस्ती करणारा संत राजा. हरीण त्याला विनवतं की माझ्या जिवावर उठू नकोस, मी शिकारीचं जनावर नाही, देवबाप्पानं तुझ्याकडे धाडलेला दूत आहे. जुनं हरीण, नवा देव, एकच गाणं. लोकांनी जुनं टाकलं नाही, नव्याच्या अंगणात आणून बांधलं.

ताल्तोशचंही तसंच. ताल्तोश म्हणजे जन्मतःच दात घेऊन किंवा सहावं बोट घेऊन आलेलं माणूस. सात वर्षांचं झालं की त्याला बोलावणं येतं, ते बैलाचं रूप घेऊन दुसऱ्या ताल्तोशाशी झुंजतं, घरोघर जाऊन दूध मागतं. हे विसाव्या शतकातल्या शेतकऱ्यांनी सांगितलेलं आहे, चर्चमध्ये जाणाऱ्या शेतकऱ्यांनी. दिओसेगी विल्मोश यांनी अशा आठवणी जमवल्या, सैबेरियातल्या शामानांशी (तंद्रीत जाऊन आत्म्यांशी बोलणारे मांत्रिक) ताडून पाहिल्या आणि १९५८ मध्ये त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. हा कच्चा माल आहे. ही दोघं त्यातून नवं विणतात आणि मला ते प्रामाणिक वाटतं, कारण गाणी आपलीच आहेत हे ती लपवत नाहीत.

उंबरठा

बैलाच्या दंडाचा नियम माहीत नव्हता. माझा आक्षेप थोडा मागे घेतो. लेबलबद्दल अजून कुरकुर आहे, संगीताबद्दल नाही.

दुनाकाठ

मी शिकायला दोन वर्षं हंगेरीतल्या सेगेद शहरात होते. हा धागा बघून राहवलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं हंगेरीत लोकसंगीत म्हणजे पर्यटकांसाठी रेस्टॉरंटमध्ये वाजतं ते. खरी जागा तांत्स्हाज. शब्दशः नाचघर. ६ मे १९७२ ला बुदापेश्तमध्ये पहिलं भरलं. शहरातली तरुण मुलं ट्रान्सिल्वेनियातल्या सेक गावचे नाच शिकून आली होती, तेच त्यांनी मंचावर न दाखवता आपसांत नाचायला सुरुवात केली. ते आजही चालू आहे आणि २०११ मध्ये युनेस्कोनं ही शिकवण्याची पद्धत वारसा जपण्याचा चांगला नमुना म्हणून नोंदवली. मी गेले तेव्हा मला एकही पाऊल येत नव्हतं. एका आजोबांनी हात धरला आणि तासभर सोडला नाही. तिथं नियम कडक असतो. हा नाच या गावचा, ही चाल या खोऱ्यातली, सरमिसळ चालत नाही.

म्हणून तांत्स्हाजमधल्या माझ्या मित्रमंडळींना ही जोडी फारशी पटायची नाही. 'हे कुठल्या गावचं?' हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि याला गाव नाही. मी दोन्ही ऐकायचे. तांत्स्हाजमध्ये अंग दुखेपर्यंत नाचायचं आणि रात्री शेवटच्या ट्रामनं परतताना कानात 'मोहॉलेप्ते'. नोव्हेंबरात तिस्सा नदीवर इतकं धुकं उतरायचं की पुलाचं दुसरं टोक दिसत नसे. त्या आठवणीतून ते संगीत मला आता वेगळं काढता येत नाही.

एक हंगेरीतल्या मोहाच गावची गोष्ट सांगते. फेब्रुवारीत तिथं बुशोयाराश असतो. मेंढीची उलटी कातडी पांघरलेले, लाकडी शिंगांचे मुखवटे घातलेले लोक थंडीला हाकलायला रस्त्यावर उतरतात. हा तिथल्या क्रोएट वंशाच्या शोकात्स लोकांचा सण, मुळात हंगेरियनांचा नव्हे. लाकडी खुळखुळ्यांचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही. संध्याकाळी चौकात होळी पेटते. मी एकटीच मराठी तिथं उभी होते आणि नकळत तोंडावर हात गेला, बोंब मारायला. मारली पण. कुणीच वळून पाहिलं नाही, सगळेच ओरडत होते.

कोकणकडा

वा! बोंबेचा किस्सा फार आवडला.

पाणंद

एक सावधगिरीची गोष्ट. पूर्वेकडच्या मुळांचा शोध हा हंगेरीत नुसता संगीताचा विषय नाही. बुगॉत्सच्या माळावर दोन वर्षांतून एकदा कुरुलतॉय नावाचा मोठा मेळा भरतो, घोडे, तंबू, धनुर्बाण, मध्य आशियातून आलेले पाहुणे. त्यात हौस आहे, अभिमान आहे आणि राजकारणही आहे. 'पेगन' म्हटलं की काही लोक आम्ही कोण आणि परके कोण याची यादी काढतात. या जोडीत मला तो सूर ऐकू आला नाही, त्यांचं सगळं जंगल, ऋतू आणि मनाच्या आतल्या प्रवासाकडे वळलेलं आहे. पण या शब्दामागे इतर काय काय उभं असतं ते माहीत असलेलं बरं.

आणि मुळांच्या शोधावरून क्योरोशी चोमा शांदोर आठवले. ट्रान्सिल्वेनियाचा हा माणूस आपल्या लोकांचं मूळ स्थान शोधायला १८१९ मध्ये घरातून निघाला आणि बराचसा पायी चालत लडाखला पोचला. झंस्करच्या मठांत थंडीत गोठत तिबेटी शिकला आणि त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. मूळ स्थान सापडलं नाही. १८४२ मध्ये पुन्हा पूर्वेकडे निघालेला असताना दार्जिलिंगला तापानं गेला. समाधी तिथंच आहे. मी पाहिली आहे, हंगेरियन रंगांच्या फिती बांधलेल्या होत्या.

तिसरीघंटा

कुठून सुरुवात करू? दोन गाणी तुकड्यातुकड्यानं ऐकून काही समजत नाही असं वाटतंय.

रानजाई

तुकड्यांत नकोच. 'ओश्फॉर्राश' सलग ऐक. सकाळी, चालताना. ठेके आहेत, धरून ठेवतील. मग 'रेगो रेय्तेम'. 'ईथर' मात्र रात्रीसाठी राखून ठेव, दिवसा त्याचा जीव गुदमरतो. 'मेटानोइया'ला मी अजून पुरती सरावलेले नाही, मंद्रसप्तक यांनी सांगितलेली ती जपमाळ तिथं फारच सावकाश ओढली आहे.

मंद्रसप्तक

मी उलट म्हणेन, 'मेटानोइया' आधी. सावकाशपणाची सवय लागली की बाकी सगळं आपोआप उलगडतं. पण चालायला जायचं असेल तर रानजाईंचं ऐका.

दुनाकाठ

धागा वर काढते आहे. सेगेदला मी ज्यांच्याकडे राहायचे त्या आजी मूळच्या वॉश परगण्यातल्या. परवा फोनवर विचारलं, रेगोलेश माहीत आहे का. एकदम हसल्या. त्यांचे वडील लहानपणी जायचे म्हणे. अक्रोड, सॉसेज, एखादं नाणं मिळायचं. एका वर्षी साखळीची काठी दारावर इतकी आपटली की फळी तडकली आणि पुढच्या वर्षी त्या घरी कुणी घेतलं नाही.

मग मी 'रेगो रेय्तेम'चा अर्थ विचारला. म्हणाल्या, रेगो काय ते मला ठाऊक नाही. रेय्तेम तर सोपं आहे, 'मी लपवते'. आजच्या बोलीत तोच अर्थ आहे. 'होल्द्रेय्तेक'मधलं 'रेय्तेक' त्याच धातूचं, लपायची जागा.

पाटीपेन्सिल

हे फार महत्त्वाचं आहे. ध्रुवपदातल्या 'रेय्तेम'चा संबंध काही अभ्यासक ताल्तोशाच्या समाधीशी जोडतात. ताल्तोश निजल्यासारखा पडून राहतो आणि जीव दुसरीकडे जातो, त्या अवस्थेला जुन्या भाषेत लपण्याचाच शब्द वापरलेला आढळतो. म्हणजे आजींचा अर्थ आणि अभ्यासकांचा अर्थ एका घरात नांदू शकतात.

रानजाई

२००७ ला 'मी लपवते' आणि २०१४ ला 'चंद्राची लपायची जागा'. आठ महिने रोज ऐकून मला हे दिसलं नव्हतं. दुनाकाठ, आजींना माझा नमस्कार सांग. आणि जमलं तर विचार, वडिलांनी गायलेली चाल त्यांना अजून आठवते का.

दुनाकाठ

विचारलं होतं. फोनवरच गुणगुणल्या, दोन ओळी. वरून खाली उतरणारी चाल होती. मी रेकॉर्ड केली नाही, त्या बोलत होत्या आणि मला सुचलंच नाही. रविवारी पुन्हा फोन करणार आहे.